जुन्या फ्लॅटमध्ये जादा प्लग पॉइंट : आहे त्या वायरिंगवरून लूप घ्यावा की डीबीपासून (घरातल्या वीजपेटीपासून) नवी लाइन?

प्रसाद_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत २००३ साली बांधलेल्या इमारतीत टू बीएचके फ्लॅट आहे. भिंती विटांच्या, वायरिंग कन्सील (भिंतीच्या आतून). आत्ता प्लगसाठी जागोजागी एक्स्टेंशन बोर्ड लटकलेत, ते बंद करून कायमचे पॉइंट करून घ्यायचेत.

१. स्वयंपाकघर : ओट्यावर इंडक्शन (२००० वॅट) आणि मायक्रोवेव्ह (इनपुट १४०० वॅट). सध्या फ्रिजजवळ एकच १६ अँपिअरचा पॉइंट आहे. खिडकीजवळच्या बोर्डावर ६ अँपिअरचे दोन सॉकेट, त्यावर मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर.

२. हॉल : टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, साउंडबार. म्हणजे ६ अँपिअरचे चार सॉकेट.

३. बेडरूम : टेबलापाशी लॅपटॉप, मॉनिटर, लेझर प्रिंटर, मोबाइल चार्जर.

डीबीत ४० अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच) आहे. पुढे सहा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) : १० चे दोन (दिवे-पंखे), १६ चे दोन (एक स्वयंपाकघर, एक वॉशिंग मशिन), २० चे दोन (गीझर, एसी). आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नाही. डीबीत एकही जागा रिकामी नाही. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, त्यावर दिवे-पंखे चालतात. फ्रिजच्या पॉइंटची प्लेट उघडून पाहिली, वायरवर २.५ चौ.मिमी छापलंय. दिव्यांच्या बोर्डांत १.५ आहे.

प्रश्न असा, की यातलं काय आहे त्या बोर्डावरून लूप करून (तिथूनच वायर पुढे जोडून) चालेल आणि कशाला नवी लाइन लागेल? भिंत किती फोडावी लागेल? आणि या निमित्ताने आरसीसीबी बसवावा का?

---

अरुण_वायरिंग

माहिती नीट दिलीत, त्यामुळे उत्तर नेमकं देता येईल.

सॉकेट वाढवला म्हणून आग लागत नाही. सॉकेटच्या मागची वायर, तिच्यावरचा एमसीबी आणि वाटेतले जोड यांच्यावर किती लोड येणार, तो हिशेब आधी करायचा. सॉकेट कुठे हवा ते नंतर.

वायरींच्या क्षमता ढोबळ मानाने लक्षात ठेवा. भिंतीतल्या पाइपात १ चौ.मिमी साधारण ११ अँपिअर, १.५ साधारण १४, २.५ साधारण १८ ते २०, ४ साधारण २४ ते २६. त्यावर एमसीबी अनुक्रमे ६, १०, १६ आणि २०. एमसीबी नेहमी वायरीपेक्षा लहान ठेवायचा. १६ चा एमसीबी १६ अँपिअरला पडतो असा समज असतो, पण तो तसा पडत नाही. मानकानुसार १.१३ पट करंटला, म्हणजे १८ अँपिअरला, त्याने तासभर पडायचं नाही, आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाभरात पडायचं. तेवढा वेळ ती वायर आणि तो सॉकेट तापत राहणार. काठोकाठ लोड ठेवू नका असं म्हणतात ते याच कारणाने.

आता तुमचं स्वयंपाकघर. इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १४००, फ्रिज साधारण २००. एकूण ३६०० वॅट, भागिले २३० म्हणजे १५.७ अँपिअर. फ्रिजच्या पॉइंटवरून लूप घेतलात तर १६ च्या एमसीबीवर हे सगळं एकदम येईल. कागदावर बसतं, प्रत्यक्षात संध्याकाळी इंडक्शन पाऊण तास चालू असताना फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होईल आणि एमसीबी पडू शकतो. मग कोणीतरी सुचवेल, १६ चा काढून २५ चा टाकू. तिथून खरा धोका सुरू होतो, कारण २५ चा एमसीबी २.५ ची वायर वाचवू शकत नाही.

ओट्यासाठी डीबीपासून स्वतंत्र लाइन घ्या : फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही ४ चौ.मिमी, वर २० अँपिअरचा सी कर्व्ह (उपकरण सुरू होतानाचा क्षणिक जादा करंट सोसणारा) एमसीबी. त्यावर १६ चे दोनच पॉइंट. एका पॉवर सर्किटवर दोनापेक्षा जास्त पॉइंट द्यायचे नाहीत हा सरकारी कामांतलाही जुना दंडक आहे. फ्रिज आहे तिथेच, आहे त्या लाइनवर एकटा राहू द्या.

हॉलचं काम सोपं. टीव्ही १०० ते १५०, साउंडबार ५०-६०, बॉक्स आणि राउटर मिळून ३०. सगळं मिळून १ अँपिअरच्या आसपास. जवळच्या दिव्यांच्या बोर्डावरून १.५ ने लूप चालतो. फक्त त्या एमसीबीवर आधीच किती पॉइंट आहेत ते मोजा. दिव्यांच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा धरतात. त्या नव्या सॉकेटवर पुढे कोणी इस्त्री (१००० वॅट) किंवा किटली (१५०० वॅट, ६.५ अँपिअर) लावणार असेल तर लूप विसरा. किटली ६ अँपिअरच्या सॉकेटच्याही बाहेरची आहे.

बेडरूममध्ये लेझर प्रिंटर हा अपवाद. छापताना आतला हीटर क्षणभर ५०० ते १००० वॅट ओढतो आणि दिवे मिणमिणतात. तो इन्व्हर्टरवरच्या सर्किटला अजिबात जोडू नका. एसीच्या लाइनवरूनही घेऊ नका. टेबलाच्या चार सॉकेटसाठी २.५ ची स्वतंत्र लाइन, १६ चा एमसीबी, एवढं करून टाका. पुढची वीस वर्षं त्याकडे बघावं लागणार नाही.

सामान (ओट्याची लाइन, डीबीपासून ९ मीटर धरून) :

४ चौ.मिमी एफआर किंवा एफआरएलएसएच (आग सहज न पकडणाऱ्या आवरणाची) तांब्याची वायर, आयएस ६९४ हे मानक छापलेली : लाल, काळी, हिरवी प्रत्येकी साधारण १०.५ मीटर. ९ मीटरवर दीड मीटर जादा धरलंय, बोर्डात आणि डीबीत हात फिरायला. ९० मीटरचं बंडल घ्यायची गरज नाही, दुकानात मीटरवर मिळते.

६ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे एका स्विचएवढी जागा) मेटल बॉक्स आणि प्लेट. १६ चा सॉकेट दोन मॉड्यूल आणि स्विच एक, असे दोन जोड बरोबर ६ मध्ये बसतात. बॉक्स ५० मिमी खोल घ्या. उथळ बॉक्सात ४ ची वायर कोंबताना टर्मिनलवर ताण येतो आणि स्क्रू सैल होतो.

हॉलच्या चार सॉकेटना प्रत्येकी वेगळा स्विच दिलात तर १२ मॉड्यूल लागतील. राउटरला स्विच नसला तरी चालतं, पण टीव्हीला द्याच. वळवात वीज कडाडायला लागली की तो बंद करता येतो.

---

शलाका_इलेक्ट्रिकल

अरुणदादांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. ओट्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे.

इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह मिळून ३४०० वॅट, १४.८ अँपिअर. २० च्या एमसीबीवर बसतं हे खरं. पण ओट्यावर १६ चा सॉकेट दिसला की उद्या एअर फ्रायर येणार, परवा ओटीजी. ३००० वॅटच्या वर एका सर्किटवर नेऊ नये असं मला वाटतं. त्यापेक्षा २.५ च्या दोन स्वतंत्र लाइनी, प्रत्येकी १६ चा एमसीबी, प्रत्येकावर एक पॉइंट. एक पडला तरी दुसरा चालू राहतो, आणि दोष कोणत्या उपकरणात आहे ते लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. दोन्ही सर्किट एकाच पाइपातून नेली तर वायरी एकमेकींना तापवतात आणि क्षमता ०.८ ने कमी धरावी लागते. २.५ चे २० अँपिअर मग १६ वर येतात. म्हणजे १६ चा एमसीबी काठावर. दोन २० मिमीचे पाइप थोडं अंतर ठेवून टाकले, तर हा प्रश्न फारसा येत नाही. डीबी बदलणार असाल आणि झिरी (पाइपासाठी भिंतीत खाच) नाहीतरी मारायचीच असेल, तर दोन पाइप. झिरी मारायचीच नसेल आणि एकाच पाइपात काम उरकायचं असेल, तर दादांचा ४ चौ.मिमीचा मार्ग बरा.

आरसीसीबीबद्दल : बसवाच. स्वयंपाकघर आणि बाथरूमसाठी तो नसणं मला मान्यच नाही. ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, डबल पोल. इंडक्शन, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशिन अशी इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी उपकरणं असतील तर टाइप ए घ्या. साधा ‘टाइप एसी’ आरसीसीबी स्वस्त असतो, पण या उपकरणांची गळती अर्धवट डीसी स्वरूपाची असू शकते आणि ती त्याला नीट ओळखता येत नाही. आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट पाहत नाही, त्याच्यापुढे एमसीबी हवाच. आणि अर्थिंगला तो पर्याय नाही. अर्थ नसेल तर फ्रिजच्या पत्र्यावर आलेला करंट तुम्ही हात लावेपर्यंत तिथेच राहतो, तुमच्या अंगातून वाहिला की मगच आरसीसीबी पडतो. अर्थ असेल तर हात लावायच्या आधीच पडतो.

म्हणून नवं काम सुरू करण्याआधी जुन्या अर्थची तपासणी. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हींत सारखेच साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. पण मीटरला नगण्य करंट पुरतो, त्यामुळे एका तारेवर लटकलेला अर्थही मीटर चांगला दाखवतो. वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात. त्यात एक धोका आहे आणि तो फार कमी जण सांगतात : अर्थची वायर पुढे कुठे तुटलेली असेल, तर त्या क्षणी त्या अर्थला जोडलेल्या सगळ्या उपकरणांचे पत्रे जिवंत होतात. घरातले सगळे थ्री पिन काढल्याशिवाय हे करू नये. लूप इम्पिडन्स टेस्टर (अर्थच्या मार्गाचा रोध मोजणारं यंत्र) असलेला माणूस मिळाला तर उत्तम.

---

गणेश_नाशिक

वायर ओढणं आणि भिंत यावर लिहितो, कारण कामाचा निम्मा वेळ तिथेच जातो.

सुरुवातीला डीबीचा नकाशा करा. एकेक एमसीबी पाडायचा आणि कुठले दिवे, पंखे, सॉकेट बंद झाले ते कागदावर लिहायचं. जुन्या घरात हॉलचा एखादा सॉकेट बेडरूमच्या एमसीबीवर निघतो. ते आधी कळलं नाही तर बोर्ड उघडल्यावर अंगाशी येतं.

प्रसादभाऊ, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मेन स्विच पाडला की घर बंद झालं असं समजू नका. मेन गेला की इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिव्यांच्या बोर्डात २३० व्होल्ट पुन्हा येतात. आधी इन्व्हर्टर त्याच्या स्विचने बंद करायचा, त्याचा प्लग काढायचा, आउटपुट वेगळं करायचं आणि मग मेन. त्यानंतरही टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल तुटला असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, आणि टेस्टरच खराब असेल तर कुठेच पेटत नाही. चालू पॉइंटवर टेस्ट लॅम्प लावून बघायचा, मग बंद केलेल्यावर, मग पुन्हा चालूवर.

जुन्या पाइपातून नवी वायर जाते का? २० मिमी पाइपात ४ चौ.मिमीच्या तीन वायरी आरामात जातात. हिशेबाने पाच-सहाही बसतात, पण वाटेत दोन बेंड असले की ओढताना इन्सुलेशन सोलतं, आणि सोललेली जागा पाइपाच्या आत असल्याने दिसत नाही. तुमच्या दिव्यांच्या पाइपात आधीच चार-पाच वायरी असतील. त्यात पॉवरची वायर कोंबू नका.

जुनी वायर काढून तिच्यामागे नवी ओढायची असेल तर आधी ती मोकळी हलते का ते बघा. एकाने एका टोकाला हलकेच ओढायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला बघायचं. हलत नसेल तर आत जोड आहे किंवा पाइपात सिमेंटचा लगदा गेलाय. जोर लावला की वायर तुटते आणि तो पाइप कायमचा गेला. मोकळी असेल तर दोन्ही टोकं ४-५ सेंमी सोलून तारा एकमेकींत अडकवायच्या, जोड पुढेमागे ठेवायचे म्हणजे एका जागी गोळा होत नाही, वरून टेप घट्ट आणि गुळगुळीत. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं. वायरीला टाल्कम पावडर लावा. साबण किंवा तेल लावू नका, पीव्हीसीला ते चांगलं नाही.

पाइपाच्या आत जोड नाही म्हणजे नाही. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड दोन-चार उन्हाळ्यांत सुटतो, टेपचा गोंद वितळून घसरतो. जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरने. लूप सॉकेटच्याच टर्मिनलवर घेता आला तर आणखी चांगलं.

झिरी मारायची तर सरळ उभी, बोर्डाच्या रेषेत. तिरकी मारू नका. पुढे कोणी त्या भिंतीत खिळा ठोकेल तेव्हा त्याला वायर कुठून गेली याचा अंदाज यायला हवा. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी भिंत कमजोर करते, उभी मारली तरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. आधी कटरने दोन समांतर रेषा, मग छिन्नी. पाइप बसल्यावर वर किमान १२-१५ मिमी प्लास्टर यायला हवं, नाहीतर त्याच रेषेत तडा जातो. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा नाही. ओट्याच्या मागे टाइल्सच्या आत पाण्याचा पाइप असू शकतो, नळाच्या वरच्या आणि खालच्या रेषेत फोडू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी : मायव्हान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये सगळ्या भिंती आरसीसीच्या असतात. तिथे झिरी मारणं म्हणजे सळई कापणं. तिथे भिंतीवरून वायर नेणारी पीव्हीसीची केसिंग पट्टीच वापरा. दर ६० सेंमीला गिट्टी आणि स्क्रू, छताच्या कोपऱ्यातून किंवा स्कर्टिंगच्या वरून नेली तर डोळ्यांना खुपत नाही.

जागा : ओट्याच्या वर २० ते ३० सेंमी, सिंकपासून आडवं किमान ६० सेंमी लांब, आणि शेगडीच्या मागे कधीच नाही. वाफ, फोडणीचं तेल आणि गॅसची नळी एका बाजूला, प्लग दुसऱ्या.

आणखी एक. १९७०-८० च्या दशकांतल्या बऱ्याच इमारतींत ॲल्युमिनियमची वायर आहे. स्क्रू सोडल्यावर तार चांदीसारखी दिसली तर (कल्हई केलेलं तांबंही तसंच दिसतं, नखाने खरवडून बघा) तिच्यावरून तांब्याचा लूप घेऊ नका. दोन धातूंचा जोड सैल होतो आणि तापतो. तिथे वायरच बदलावी लागते.

---

प्रसाद_डोंबिवली

तिघांनाही मनापासून धन्यवाद. एका वायरमनला बोलावलं होतं. तो म्हणाला, डीबी छोटा आहे, तो बदलायची गरज नाही. गीझरच्या २० च्या एमसीबीखालीच ओट्याची फेज घालू आणि न्यूट्रल खिडकीजवळच्या बोर्डातून घेऊ, म्हणजे एक वायर वाचेल. अर्थ फ्रिजच्या पॉइंटवरून. हे चालेल का?

---

अरुण_वायरिंग

नाही. तीनपैकी एकही गोष्ट करू देऊ नका, आणि त्याला कारणासकट सांगा.

गीझर २००० वॅटचा असेल तर ८.७ अँपिअर. त्यात ओट्याचे १४.८ मिळवले की २३.५. सकाळी गीझर आणि इंडक्शन दोन्ही एकाच वेळी चालतात. २० चा एमसीबी तेवढ्यावर कधी बऱ्याच वेळाने पडेल, कधी पडणारही नाही. शिवाय एमसीबीच्या एका टर्मिनलमध्ये दोन जाडीच्या वायरी घातल्या की एक घट्ट बसते आणि दुसरी सैल राहते.

न्यूट्रल उसना घेणं तर सर्वांत वाईट. एमसीबी फक्त फेजवर असतो, न्यूट्रलमधून किती करंट जातो हे त्याला कळत नाही. तुमचा खिडकीजवळचा बोर्ड दिव्यांच्या सर्किटवर असेल, तर त्यात १.५ चौ.मिमी आहे. त्या न्यूट्रलमधून बोर्डाचं स्वतःचं लोड अधिक ओट्याचे १५ अँपिअर जाणार. १४ अँपिअरच्या वायरीतून १६-१७ जात राहतील आणि कुठलाच एमसीबी पडणार नाही. त्यात उद्या कोणी दिव्यांचा १० चा एमसीबी पाडून त्या बोर्डात काम करायला बसला आणि न्यूट्रलचा जोड सोडला, तर चालू इंडक्शनमधून त्या सुट्या न्यूट्रलवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. एमसीबी बंद आहे म्हणून तो माणूस निर्धास्त असतो. अशा प्रसंगांत माणसं जातात.

अर्थ मात्र फ्रिजच्या पॉइंटवरून घेतला तरी काम करतो, पण तो २.५ चा आहे आणि कधी फ्रिजचा बोर्ड बदलताना सुटला की ओटाही अर्थशिवाय. डीबीपासून फेजबरोबरच आणा. एका सर्किटच्या तिन्ही वायरी एकाच पाइपातून, एकाच जागेपासून निघायला हव्यात.

---

शलाका_इलेक्ट्रिकल

यात भर. असा उसना न्यूट्रल असलेल्या घरात आरसीसीबी टिकत नाही. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट तोलून बघतो. एका सर्किटची फेज त्याच्याखाली आणि न्यूट्रल दुसऱ्या गटातून असेल तर लोड लावल्या क्षणी पडतो. मग लोक म्हणतात आरसीसीबी खराब निघाला आणि काढून टाकतात. ओळख सोपी आहे : प्लग नुसता खोचल्यावर पडला तर बहुधा उपकरणात गळती आहे. काहीही लावलं, अगदी साधा दिवा लावला तरी पडत असेल, तर न्यूट्रल मिसळलाय. इन्व्हर्टरच्या सर्किटांचा न्यूट्रल या गोंधळात हमखास सापडतो. त्यासाठी डीबीत वेगळा न्यूट्रल बार (न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) ठेवायला सांगा.

डीबी बदला. आयसोलेटर आणि आरसीसीबीची जागा सोडून बारा एमसीबी बसतील असा घ्या. नव्या तीन सर्किटना जागा होते आणि पुढे दोन-तीन रिकाम्या राहतात. त्याच वेळी मीटर रूमपासून घरापर्यंत आलेली वायर किती चौ.मिमीची आहे ते बघा. जुन्या इमारतींत ती ४ ची निघते, तिच्यावर ४० चा आयसोलेटर असून उपयोग नाही. किमान ६ हवी, एसी दोन असतील तर १०. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो, तो तुमच्या नव्या बेरजेपेक्षा कमी असेल तर वाढीव भाराचा अर्ज करा.

परवान्याचंही सांगते. स्विच, सॉकेट, फ्यूज जसंच्या तसं बदलणं सोडून वायरिंगमध्ये भर घालायचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं असा नियम आहे. काम संपल्यावर त्याच्याकडून चाचणीचा रिपोर्ट घ्या.

---

गणेश_नाशिक

काम झाल्यावर पैसे देण्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) : ५०० व्होल्टचा. आरसीसीबी आणि सगळी उपकरणं वेगळी करून फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल. १ मेगाओमपेक्षा कमी चालत नाही, नव्या वायरीला ते कितीतरी जास्त यायला हवं. कमी आलं तर ओढताना कुठेतरी इन्सुलेशन सोललंय किंवा झिरीतलं ओलं सिमेंट बॉक्सात गेलंय. दोन दिवस सुकू देऊन पुन्हा घ्या.

सॉकेटची बाजू : समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्विच फेजवरच आहे ना, तेही. न्यूट्रल तोडणाऱ्या स्विचने उपकरण बंद होतं, पण आत वीज तशीच राहते.

टर्मिनल : प्रत्येक वायर हलकी ओढून बघा. टर्मिनलमध्ये बसावी म्हणून बाहेरच्या तारा कापून टाकायची सवय काहींना असते. ४ च्या वायरीच्या तीन तारा कापल्या तर ती ४ ची राहिली नाही. १.५ ची वायर मोठ्या टर्मिनलमध्ये घालताना दुमडून घाला, नाहीतर स्क्रूखाली नीट दबत नाही. सैल जोडाचा रोध समजा फक्त ०.१ ओम असला, तरी १३ अँपिअरला तिथे १७ वॅट उष्णता तयार होते, आणि तीही प्लास्टिकच्या बंद डबीत. सॉकेट तपकिरी पडतो, माशासारखा वास येतो, तो याचा.

मग इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह अर्धा तास एकदम चालवा. बंद करून प्लग काढा आणि पिनांच्या जवळ प्लेटला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. डीबीतल्या नव्या एमसीबीपाशीही तसंच. महिन्याभराने मेन बंद करून नव्या टर्मिनलचे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यायला सांगा. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात आणि स्क्रू पाव आटा ढिला होतो.

---

प्रसाद_डोंबिवली

डीबी बदलायचं ठरवलं. दोन पाइप, २.५ च्या दोन लाइनी. शेवटची शंका : आरसीसीबी एकच घेतला आणि आम्ही गावाला गेलेलो असताना पडला तर फ्रिज बंद राहील. फ्रिज आरसीसीबीच्या बाहेर ठेवला तर?

---

शलाका_इलेक्ट्रिकल

बाहेर ठेवू नका, धातूच्या पत्र्याचं उपकरण आहे आणि खाली फरशी ओली असते. फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ द्या. १६ अँपिअर, सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअर. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात. तो मुख्य आरसीसीबीच्या आधी, थेट आयसोलेटरनंतर जोडायचा, आणि फ्रिजचा न्यूट्रल त्याच्यातूनच जायला हवा, सामाईक बारवर नाही. मग गीझरच्या गळतीने घर बंद पडलं तरी फ्रिज चालू राहतो. डीबी घेतानाच दुकानदाराला सांगा, कारण काही कंपन्यांचा आरसीबीओ दोन जागा घेतो आणि काहींचा एक.